लग्न वाशीमला लागलं

मागच्या लेखात पुण्यातल्या मुलींच्या पहिल्या शाळेच्या, म्हणजे भिडेवाड्याच्या, दाराशी थांबलो होतो; आज आत शिरायचं ठरलं होतं. पण रिसोडच्या एका वाचकांनी पत्रातून कान धरला आहे. ‘तुमच्या सगळ्या पहिल्या गोष्टी पुण्या-मुंबईतच कशा घडतात? आमच्या वाशीम जिल्ह्याच्या वाट्याला काहीच नाही?’

आहे की! साक्षात काव्याचं लग्न तुमच्याकडे लागलंय.

दहाव्या शतकाच्या सुमारास कनौजच्या दरबारात राजशेखर नावाचा कवी होता. पणजोबा अकालजलद, त्यांना तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणतो, म्हणजे माणूस मुळात आपल्याकडचाच. ‘काव्यमीमांसे’त त्यानं एक गोष्ट रचली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घर सोडतो. त्याला वळवायला गौरी एक मुलगी निर्माण करते, साहित्यविद्या. ती पूर्वेकडे जाते, मग पांचाल, अवंती, शेवटी दक्षिण. ती जिथे जो वेष करील, तो तिथल्या बायका उचलतात. पूर्वेला हा पठ्ठ्या ढिम्म. बोलतो तेही जडजंबाल समासांत, तीच गौडी रीती. दक्षिणेत येईपर्यंत पुरता विरघळतो आणि वैदर्भी बोलू लागतो. मग विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्व विवाह होतो.

वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याची लेणी ज्याच्या काळात बहरली तो हरिषेण याच शाखेतला. शाखेचा मूळपुरुष सर्वसेन स्वतः प्राकृतात ‘हरिविजय’ लिहिणारा कवी. राजशेखरानं मांडवासाठी गाव उगाच निवडलेलं नाही.

या लग्नात पोरगी वराच्या मागे देशभर हिंडते, हे मला फार आवडतं. आणि हा काही नुसता गोष्टीतला लाड नव्हे. याच ग्रंथात राजशेखर स्वच्छ सांगतो की पुरुषांसारख्या स्त्रियाही कवी होऊ शकतात. संस्कार आत्म्यात असतो, तो बाई-पुरुष बघत नाही. राजकन्या, अमात्यांच्या मुली, गणिका अशा कवयित्री ऐकिवात आहेत, पाहण्यातही आहेत, असंही पुढे जोडतो. ‘पाहण्यात’ हा शब्द महत्त्वाचा, कारण घरातच अवंतिसुंदरी होती. ही त्याची चौहान कुळातली बायको. तिची मतं तो नाव घेऊन देतो, इतर आचार्यांची देतो तशीच. ‘कर्पूरमंजरी’ हे त्याचं प्राकृत नाटकही तिच्याच इच्छेनं रंगभूमीवर आलं. नवऱ्यानं ग्रंथात बायकोचं मत नावानिशी नोंदवावं, हे आजही किती प्रस्तावनांत दिसतं? तिथे बायकोचं नाव येतं ते बहुधा मुद्रितं तपासल्याबद्दल.

राजशेखराच्या नावावर चालणारा एक श्लोक तर वैदर्भीचं माहेरच हलवतो. कालिदासानंतर ती वस्तीला गेली विजयांका नावाच्या कानडी कवयित्रीकडे, असं तो म्हणतो. आता विदर्भातल्या मंडळींनी यावर रुसायचं की मिरवायचं, ते रिसोडकरांनी ठरवावं.

वाशीमला १९३९ साली एक ताम्रपट सापडला, त्यावरून वा. वि. मिराशींनी या राजशाखेचा गुंता कसा सोडवला, तेही लिहायला हात शिवशिवतोय. पण पुढच्या आठवड्यात भिडेवाडाच. तोवर मंगरुळपीर-मानोऱ्याहून पत्र आलं नाही तर.