क्लच गेला नाही, दिसेनासा झाला

दिल्ली-गुरुग्राम मार्गावर सायंकाळी वाहनांच्या रांगेत अडकलेल्या चालकाचा डावा पाय क्लचवरून उठत नाही. या त्रासातून सुटका करणारी मारुती सुझुकीची ‘सेलेरियो’ फेब्रुवारी २०१४ मध्ये ग्रेटर नोएडा येथील ऑटो एक्स्पोमध्ये सादर झाली आणि स्वयंचलित गिअर मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आले.

मात्र त्याबरोबर एक गैरसमजही रुजला. अशा ‘एएमटी’ गाडीत क्लचचे पेडल नसले, तरी क्लच प्लेट असतेच. तिचे काम पायाऐवजी यंत्रणा करते, इतकेच. उड्डाणपुलाच्या चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी थोपवून धरली, की प्लेट घसरते, तापते आणि झिजते. तेथे ब्रेकच वापरावा. जळका वास येणे, इंजिनाचा आवाज वाढूनही वेग न वाढणे, या पूर्वसूचना होत. गिअर ऑइल उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार बदलावे. गाडी पावसाच्या पाण्यात बुडाली असल्यास ते दुधाळ झाले नाही ना, हे तपासून घ्यावे.

सर्वसाधारण वाहन विम्यातून झीज व यांत्रिक बिघाड वगळलेले असतात, याची जाणीव अनेकांना गॅरेजचे बिल हाती पडल्यावरच होते. गाडी गॅरेजमध्ये असली, तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून गाडी घेतल्यापासूनच दरमहा थोडी रक्कम आवर्ती ठेवीत टाकावी. गाडीला ऑइल आणि घरखर्चाला तरतूद, दोन्ही वेळेवर हवीत.