चवळी, भात आणि १ जानेवारी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, विशेषतः साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनारपट्टीवर, १ जानेवारीच्या जेवणात चवळीभात, कोलार्डची भाजी, मक्याच्या पिठाचा पाव आणि डुकराचे मांस असले म्हणजे वर्ष भरभराटीचे जाते, अशी जुनी श्रद्धा आहे. चवळी म्हणजे नाणी, कोलार्डची (ही कोबीच्या कुळातील, पण गड्डा न धरणारी पालेभाजी) हिरवी पाने म्हणजे नोटा आणि मक्याचा पिवळा पाव म्हणजे सोने, असा अर्थ घरोघरी सांगितला जातो. मात्र या ताटाची मुळे गुलामगिरीच्या इतिहासात आहेत, आणि तो बाजूला ठेवला तर त्यातले फारच थोडे उमगते.

यातील प्रमुख पदार्थ ‘हॉपिन जॉन’. भिजवलेली चवळी खारवून धुरी दिलेल्या मांसाबरोबर मंद आचेवर शिजवतात आणि ती मऊ झाली, पण फुटली नाही, अशा वेळी त्याच पाण्यात तांदूळ वैरतात. भात मोकळा व्हावा आणि शिताशितात चवळीचा व धुरीचा स्वाद उतरावा, यातच करणाऱ्याचे कसब दिसते. चार्ल्स्टनच्या सारा रटलेज यांच्या १८४७ मधील ‘द कॅरोलायना हाउसवाइफ’ या पुस्तकात एक पौंड बेकन (म्हणजे खारवलेले मांस), एक पाइंट तांबडी चवळी आणि एक पाइंट तांदूळ असे याचे प्रमाण दिले आहे.

पुस्तक प्रतिष्ठित गोऱ्या घरातले असले, तरी पदार्थाची घडण आफ्रिकी आहे. चवळी हे मूळचे आफ्रिकेचे कडधान्य, आणि सेनेगलमध्ये चवळीभात आजही रांधला जातो. कॅरोलायनातील भातशेती सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली आणि ती पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या श्रमावर फोफावली; त्यांच्या शेतीज्ञानाचा त्यात किती वाटा होता, यावर जुडिथ कार्नी यांच्या ‘ब्लॅक राइस’ (२००१) या ग्रंथानंतर अभ्यासकांत बराच वाद झाला, परंतु चुलीपाशी कोण राबत होते, याविषयी वाद नाही.

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या जनरल शर्मनच्या सैन्याने चवळीला गुरांचे खाद्य समजून ती मागे ठेवली, त्यामुळे उपाशी दक्षिण जगली आणि चवळी शुभ ठरली, ही लोकप्रिय दंतकथा म्हणूनच अपुरी वाटते. तिच्यात तो पदार्थ घडवणारी माणसेच नाहीत.

त्या माणसांसाठी १ जानेवारी हा दीर्घकाळ धास्तीचा दिवस होता. वर्षारंभी गुलामांना भाड्याने दिले जाई, मालकाच्या कर्जापायी विकलेही जाई, आणि आईपासून मूल तुटे. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री मात्र कृष्णवर्णीय समाज चर्चमध्ये जागत बसला, कारण दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८६३ रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची गुलामांच्या मुक्तीची घोषणा अमलात येणार होती. या जागरणाची प्रथा अनेक चर्चांत अजून पाळली जाते आणि त्यानंतरच्या दिवशी घरोघरी चवळीभात शिजतो. पाककृतींच्या पुस्तकांनी हॉपिन जॉनचे प्रमाण देताना त्याचे श्रेयही या समाजाच्या नावे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.