घरगुती सौरवीज आणि ऊर्जाबचत : शासकीय साहाय्याचे स्वरूप, जळगाव जामोदच्या संदर्भात

घरगुती ऊर्जेसाठी शासनाने दिलेल्या साहाय्याचा विचार बहुधा त्याच्या एकूण रकमेवरून केला जातो. वस्तुतः ते साहाय्य कोणत्या रूपाने दिले जाते, यावर ते कोणाच्या पदरी पडणार हे बव्हंशी अवलंबून असते. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदसारख्या तालुक्यात हा प्रश्न विशेष ठळकपणे जाणवतो. येथे ऊन विपुल आहे, उन्हाळा कडक आहे, आणि स्लॅबच्या घरांच्या शेजारीच टिनपत्र्याची व मातीच्या धाब्याची घरेही आहेत.

छतावरील सौरवीजसंचासाठी २०१९ च्या केंद्रीय योजनेत ३ किलोवॉटपर्यंत किमतीच्या ४० टक्के साहाय्य होते. अशा टक्केवारीच्या अनुदानाचा एक दोष असा की, किंमत वाढली की अनुदानही वाढते, आणि घासाघीस करून स्वस्तात खरेदी करण्याची ग्राहकाची ओढ कमी होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’त ही पद्धत सोडून ठरावीक रक्कम ठेवण्यात आली : पहिल्या दोन किलोवॉटांना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,००० रुपये, म्हणजे कमाल ७८,००० रुपये. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असलेली ही योजना निःसंशय मोठी आहे. तथापि अनुदान संच कार्यान्वित झाल्यावर बँकेत जमा होते. तोवरचा खर्च घरधन्याने स्वतः उचलावा अथवा विनातारण कर्ज काढावे, अशी तिची रचना आहे.

या रचनेचा लाभ अधिक वीज वापरणाऱ्यास अधिक होतो. एक किलोवॉटच्या संचापासून दिवसाला सरासरी सुमारे ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिट वीज मिळते. वीजदर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे महिना ३०० युनिट जाळणाऱ्या कुटुंबाचे महाग टप्प्यातील युनिट वाचतात. ६० युनिट वापरणाऱ्याचे मात्र मुळातच स्वस्त असलेले युनिट वाचतात. ज्याचे बिल लहान, त्याची गुंतवणूक उशिरा फिटते. आणि रोख रकमेची चणचणही त्यालाच अधिक असते. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये मंजूर केलेली ‘स्मार्ट’ योजना ही उणीव भरून काढण्यासाठी आहे, असे म्हणता येईल. एक किलोवॉटच्या संचाची किंमत सुमारे ५०,००० रुपये धरून, केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याने दारिद्र्यरेषेखालील ग्राहकास १७,५०० रुपये द्यावयाचे. महिना १०० युनिटांच्या आत वापर असणाऱ्यांपैकी अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांस १५,००० आणि इतरांस १०,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास अशा रीतीने केवळ २,५०० रुपये घालावे लागतात. किमतीचा अडसर येथे जवळजवळ दूर होतो. छताचा मात्र होत नाही. एका किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची, पक्की जागा लागते, आणि मातीच्या धाब्यावर सांगाडा रोवणे सोपे नाही.

उन्हाबाबतही एक समजूत दुरुस्त करावयास हवी. तळपते ऊन म्हणजे भरघोस वीज असे नव्हे. सौरपट्टीचे तापमान २५ अंशांच्या वर जसजसे चढते, तसतसे तिचे उत्पादन दर अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्के घटते. मे महिन्यातील दुपारी पट्टी ६५ अंशांपर्यंत तापली, तर बारा ते सोळा टक्के वीज केवळ उष्णतेपायी जाते. म्हणून पट्टीच्या खालून वारा खेळता राहील एवढी उंची सांगाड्यास देणे इष्ट असते. येथील अक्षांश सुमारे २१ अंश. तेव्हा दक्षिणाभिमुख पट्टीचा कलही साधारण तितकाच ठेवतात. दुसरी गोष्ट अनेकांना संच बसल्यावरच कळते : विजेच्या जाळ्याशी जोडलेला, बॅटरी नसलेला संच बाहेरचा पुरवठा खंडित होताच आपणहून बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कामगारास उलट बाजूने धक्का बसू नये, यासाठीच ही योजना असते. भारनियमनावरील उपाय म्हणून संच घेणाऱ्याची त्यामुळे निराशा होते.

ऊर्जाबचतीस मिळणारे साहाय्य याहून निराळ्या जातीचे आहे. ७५ वॉटचा जुना पंखा उन्हाळ्यात रोज १५ तास चालला, तर महिन्याला सुमारे ३४ युनिट खातो; ३० वॉटचा बीएलडीसी पंखा १४. दोन पंखे बदलले की ४० युनिट वाचतात, म्हणजे एक किलोवॉट संचाच्या उत्पादनाचा तिसरा हिस्सा, आणि तोही संचाच्या किमतीच्या लहानशा अंशात. बचत उन्हाळ्यापुरतीच जास्त असते हे खरे; तरी हिशेब पंख्याच्याच बाजूने झुकतो. असे असूनही रोख अनुदान सौरपट्टीला आहे, पंख्याला नाही. छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून तारांकन सक्तीचे झाले. ते नव्या खरेदीस वळण लावते, परंतु टांगलेला जुना पंखा खाली उतरवीत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने एकगठ्ठा खरेदीच्या बळावर एलईडी दिव्याचा खरेदीदर २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आणला, आणि त्यासाठी थेट अनुदान द्यावे लागले नाही. २०२३ मध्ये हाच मार्ग एक कोटी पंख्यांसाठी घोषित झाला. तथापि दिवा लवकर जातो व सहज बदलला जातो. पंखा वर्षानुवर्षे फिरत राहतो. भाडेकऱ्याच्या दृष्टीने मात्र पंख्याचा एक गुण मोठा आहे : घर सोडताना तो बरोबर नेता येतो. छतावरची पट्टी घरमालकाचीच राहते.