फोटोतली माणसे पुसू नका

रोज सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून आम्ही पायीच हायकोर्टाकडे निघतो. दादाभाई नौरोजी मार्ग, मग हुतात्मा चौक, मग कोर्ट. या वाटेवर रोज एक फोटो काढायचा आणि तो तारीखवार जपून ठेवायचा, हा आमचा सात वर्षांचा नेम आहे. सहकारी वकील थट्टा करतात, "पक्षकारांचे कागद कमी पडले का?" हा छंद वकिलीच्या कामी येईल, असे तेव्हा आम्हालाही वाटले नव्हते.

या वाटेवरच्या इमारती जगप्रसिद्ध आहेत. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेले टर्मिनस १८८८ साली पूर्ण झाले व २००४ साली युनेस्कोच्या यादीत गेले. १८७८ सालची हायकोर्टाची इमारत २०१८ साली त्याच यादीत आली. वास्तुशिल्पकारांची नावे पुस्तकांत आहेत. पण हे दगड ज्यांनी घडवले, डोक्यावरून वाहिले, त्या पाथरवटांची आणि बिगाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे फोटो पाहा. इमारत ठसठशीत आणि रस्ता बरेचदा ओस! शहर ओस नव्हते. त्या काळी काचेवर प्रतिमा उमटायला वेळ लागे, त्यामुळे चालती माणसे उमटतच नसत. तो यंत्राचा दोष होता. आज मोबाईल क्षणात सारे टिपतो. तरी हौशी मंडळी गर्दी टाळायला पहाटे येतात, आणि एखादा झाडूवाला आलाच तर बोट फिरवून त्याला पुसून टाकतात. तेव्हा यंत्राला माणूस दिसत नव्हता. आज दिसतो, तर आम्हाला नकोसा होतो. हा दोष कोणाचा?

आमच्या फोटोंत माणसेच जास्त. टर्मिनससमोर झाडू मारणारी सफाई कामगार ताई, डबेवाले, टाईपरायटर झाकून चहा पिणारा टंकलेखक. दादाभाई नौरोजी मार्गावरच्या जुन्या इमारतींना तळाशी कमानींच्या ओवऱ्या आहेत. पादचाऱ्याला ऊन-पावसात आडोसा मिळावा म्हणून त्या बांधल्या. त्याच आडोशाने शेकडो संसार चालतात.

अशाच एका ओवरीच्या तोंडाशी एक गटई कामगार काका बसतात. मध्यंतरी त्यांना जागा सोडायला सांगण्यात आले. "वकीलसाहेब, बावीस वर्षं इथंच बसतोय, पण कागद कुठाय?" असे ते म्हणाले. आम्ही घरी जाऊन जुने फोटो धुंडाळले. निरनिराळ्या वर्षांच्या एकोणीस फोटोंत काका होते, आणि प्रत्येक फोटोत त्यांच्या पाठीशी तोच नक्षीदार खांब. खांब जागा सांगतो, तारीख काळ सांगते. सरकार जिला वारसा म्हणते, ती इमारत काकांची साक्षीदार झाली!

पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. पण तेथे आपण होतो, हे दाखवावे लागतेच. एकटा फोटो पुरेसा नसतो, हे खरे. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल फोटोसोबत प्रमाणपत्र लागते. म्हणून मूळ फोटो पुसू नये, त्यात फेरफार करू नये. काकांचा अर्ज फोटोंसह दाखल आहे. निर्णय व्हायचा आहे. काका आजही तेथेच बसतात.

रविवारी कोर्ट बंद असते. तेव्हा आम्ही परळच्या बी. आय. टी. चाळीकडे जातो. प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची ही चाळ. ना घुमट, ना कोरीव खांब. गॅलरीत वाळत घातलेले कपडे आणि पाण्याची पिंपे. १९२३ साली वकिली सुरू केल्यावर बाबासाहेब याच चाळीतून हायकोर्टात जात. मग ऐतिहासिक इमारत कोणती? जिच्यावर नक्षी आहे ती, की जिच्यात माणसे घडली ती?

वाचकांना आमची विनंती एवढीच, की आपल्या वस्तीचा, नाक्याचा, शाळेचा, चाळीचा रोज एक फोटो काढा. समोरच्या माणसाला आधी विचारा, त्याचा मान राखा. तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा. इमारतींची नोंद ठेवायला सरकारदरबारी समित्या आहेत. त्या इमारतींच्या सावलीत पोट भरणाऱ्यांची नोंद आपल्यालाच ठेवावी लागेल.