पाटा, उंची आणि भार : पिकअप गाडीच्या मागील कमानींची निवड

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावर वसलेले असून फटाक्यांच्या निर्मितीसाठी ते महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. अशा गावी पिकअप गाडीच्या नशिबी एकाच प्रकारचे ओझे नसते. फटाक्यांची खोकी हौदा भरून टाकतात, परंतु धान्याच्या पोत्यांच्या मानाने ती हलकी असतात. सोयाबीनची पोती थोड्या जागेत पुष्कळ वजन आणतात. आणि परतीच्या वाटेवर गाडी बहुधा रिकामीच असते. त्यातच शिवाररस्त्यावरील दगड व चाकोऱ्या चुकविण्यासाठी गाडीची मागची बाजू उंच करून घेण्याची इच्छा मालकास होते. तेव्हा बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांपैकी कोणते घ्यावेत, हा प्रश्न उपस्थित होतो. या प्रश्नाचे उत्तर जितके यंत्रशास्त्रात आहे, तितकेच ते त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या उकलीत आहे.

गाडीच्या मागील आसावर पोलादी पट्ट्यांची जी चवड बसविलेली असते, तिच्यातील प्रत्येक पट्टीस ‘पाटा’ आणि एकूण रचनेस ‘कमानपाटे’ असे म्हणतात. यांपैकी ‘कमान’ हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ धनुष्य असा आहे. दाराच्या कमानीत त्या शब्दाचा केवळ आकार उरला. गाडीच्या कमानीत आकाराबरोबर धनुष्याचा लवचीकपणाही टिकून राहिला. ‘पाटा’ हा शब्द मात्र सपाटपणाचा निदर्शक आहे. वाकलेली व सपाट अशा दोन्ही कल्पना एका समासात नांदतात, आणि वस्तूचे कार्यही तसेच आहे : रिकामेपणी ती वाकलेली असते, भाराखाली सपाट होऊ लागते.

घोटाळा होतो तो क्रियापदांत. ‘गाडी बसली’ या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. ओझे चढल्यावर गाडी खाली जाते, ही कमानीची स्वाभाविक क्रिया होय. ओझे उतरल्यावर ती पूर्ववत होते. उलट ‘पाटे बसले’ म्हणजे पोलादाने आपला मूळ बाक कायमचा गमावला. पहिली स्थिती दोष नाही, दुसरी आहे. दोहोंतील भेद ओळखण्याचा उपाय सोपा आहे. सपाट जमिनीवर गाडी रिकामी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे, आणि नेहमीचे ओझे भरून पुन्हा मोजावे. रिकामेपणीच एक बाजू खाली असेल, तर नवा पाटा वाढविण्यापूर्वी जुने पाटे तपासणे अगत्याचे ठरते.

‘पाटा टाकणे’ हा वाक्प्रयोग तर त्याहून फसवा आहे. त्यात उंची, ताठपणा आणि भारक्षमता या तीन भिन्न गोष्टी एकत्र गुंडाळल्या जातात. उंची म्हणजे आसापासून सांगाड्याचे अंतर. ताठपणा म्हणजे ठराविक दाबण्यासाठी लागणारे वजन. आणि भारक्षमता म्हणजे आस, चाके, टायर, ब्रेक व सांगाडा ही सर्व मिळून जे वजन सुरक्षितपणे पेलू शकतात ते. सुट्या भागांची निवड करताना यांपैकी नेमके काय हवे आहे, हे प्रथम ठरवावे लागते.

केवळ उंची हवी असेल, तर दोन मार्ग आहेत. जेथे पाट्यांची चवड आसाच्या वर असते, तेथे दोहोंमध्ये लोखंडी ठोकळा बसविता येतो. त्याने ताठपणा मुळीच बदलत नाही. परंतु ठोकळा जितका उंच, तितका ब्रेक लावताना व गती घेताना आस पाट्यांना अधिक पिळतो. म्हणून ठोकळ्यावर ठोकळा कधीही रचू नये. दुसरा मार्ग लांब शॅकलचा, म्हणजे पाट्याचे टोक सांगाड्यास जोडणाऱ्या झुलत्या कडीचा. येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा : कडी ५ सेंटिमीटरने लांब केली, तर आसापाशी सुमारे अडीच सेंटिमीटरच उंची मिळते, कारण पाट्याचे एकच टोक खाली सरकते. शिवाय आस किंचित फिरतो, आणि त्याला शक्ती पोचविणाऱ्या शाफ्टच्या जोडावर, ज्यास कारागीर ‘क्रॉस’ म्हणतात त्यावर, अधिक कोनाचा ताण येतो.

ताठपणा हवा असेल, तर पाटा वाढविणे हाच सरळ उपाय होय. समान जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातल्यास ताठपणा साधारणपणे एकपंचमांशाने वाढतो. समजा, १,००० किलो ओझ्याने गाडी १० सेंटिमीटर दबत होती; ती आता सुमारे ८.३ सेंटिमीटर दबेल. जाडीचा परिणाम मात्र घनाच्या प्रमाणात होतो. ८ मिलिमीटर जाडीचा एक पाटा ६ मिलिमीटरच्या जवळजवळ २.४ पाट्यांइतका ताठ असतो. तथापि समान वाकविण्यात जाड पाट्यावर ताणही अधिक येतो. म्हणून पातळ चवडीत घुसविलेला एकटा जाड पाटा बहुधा प्रथम मोडतो. नवा पाटा जुन्यांच्या जाडीशी व बाकाशी मिळता असणे इष्ट, ते यासाठीच. ताठपणाची किंमत रिकाम्या गाडीत मोजावी लागते : मागची चाके खड्ड्यांवरून उसळतात आणि रस्त्यावरील त्यांची पकड सुटते.

ज्या गाडीस कधी हलके तर कधी जड ओझे न्यावे लागते, तिला सदैव ताठ असलेल्या चवडीपेक्षा मदतनीस पाटा अधिक उपयुक्त ठरतो. हा जवळजवळ सपाट पाटा हलक्या ओझ्यात अलग राहतो आणि गाडी पुरेशी दबल्यावरच कामास लागतो. आस व सांगाडा यांमध्ये बसविलेल्या हवेच्या पिशव्या हेच कार्य हवेचा दाब कमीजास्त करून साधतात. त्यांना मात्र काटेरी वाटा व धूळ यांपासून जपावे लागते. खोकी आणि पोती आळीपाळीने वाहणाऱ्या तेरखेड्याच्या गाडीस हा दुसऱ्या टप्प्याचा मार्गच अधिक मानवणारा आहे.

पाट्यांबरोबर इतर भागांचा विचार ओघानेच येतो. उंच केलेल्या गाडीस जुना शॉकअब्सॉर्बर आखूड पडतो. चाक खाली लोंबताच तो पूर्ण ताणून आतून तुटतो. नवा घेताना त्याची पूर्ण ताणलेली व पूर्ण दबलेली अशा दोन्ही लांबी पाहाव्यात. आस आवळून धरणारे यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत, आणि नवे बोल्ट काही दिवस ओझे वाहिल्यावर पुन्हा आवळून घ्यावेत. ब्रेकची रबरी नळी चाक पूर्ण खाली असतानाही ताणली जाऊ नये. सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे अनेक पिकअप गाड्यांत आसाशी दांडीने जोडलेली ब्रेकची झडप. गाडी किती दबली आहे, यावरून ती ओझ्याचा अंदाज घेते व मागील ब्रेकचा दाब ठरविते. गाडी उंच केली आणि झडप जुळवून घेतली नाही, तर भरलेली गाडीही तिला रिकामी भासते. मागील ब्रेक अपुरे लागतात. हौद्यात फटाके असताना या चुकीचा अर्थ काय होईल, हे सांगणे नलगे.

भारक्षमता ही तिसरी गोष्ट पाट्याने वाढतच नाही. नोंदणीपुस्तकात लिहिलेले कमाल वजन तेच राहते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने जादा वजनासाठी कलम १९४ मध्ये २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा दंड ठरविला. म्हणून उंची वाढविण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे श्रेयस्कर.

तात्पर्य, दुकानात ‘पाटा टाका’ असे सांगण्याऐवजी ‘रिकामी गाडी अमुक उंच हवी’, ‘अमुक ओझ्याला ती अमुक दबावी’ अशी दोन वाक्ये मालकाने उच्चारली, तर योग्य भाग निवडणे कारागिरास सुकर होते. ‘ओझे अमुक वाहायचे’ या तिसऱ्या वाक्याचे उत्तर मात्र कोणत्याही दुकानात नसते. ते नोंदणीपुस्तकातच पाहावे लागते.