मलेरिया : घरातले धोके, सवयींतले धोके

महाराष्ट्रात मलेरियाची दोन ठळक ठाणी, मुंबई आणि गडचिरोली. दोन्हीकडचा धोका निराळा.

टाकी : शहरातला ‘ॲनॉफिलिस स्टिफेन्सी’ डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. गच्चीवरची उघडी टाकी, विहीर, बांधकामावरचे पाणी ही त्याची आवडती ठिकाणे. अंड्याचा डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात; म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, साठवणीचे पाणी रिकामे करा.

भिंती-छप्पर : गडचिरोलीकडे कुडाच्या भिंतींतल्या फटी आणि छपराखालची मोकळी जागा म्हणजे डासांना खुला दरवाजा. फवारणीनंतर लगेच घर सारवले, तर औषध झाकले जाते.

झोप : मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट चावतो. अंगणात झोपणे, पिकाच्या राखणीला शेतावर रात्र काढणे धोक्याचे. औषधी मच्छरदाणी सोबत न्या, कडा अंथरुणाखाली खोचा. धुतल्यावर सावलीत वाळवा.

प्रवास : जोखमीच्या भागातून आल्यावर ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासा.

अर्धवट औषध : व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियाचे जंतू यकृतात दबा धरून राहतात. ताप उतरला म्हणून प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स सोडला, तर आजार उलटू शकतो. गरोदरपणात हे औषध देत नाहीत.