अश्वगंधा घ्यावी की ब्राह्मी?

शहापूर, मुरबाडच्या गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. “ताई, काही लक्षात राहत नाही, डोकं जड होतं. अश्वगंधा घेऊ की ब्राह्मी?” एका डबीला दिवसाची मजुरी जाते, म्हणून आज नीट समजून घेऊ.

अश्वगंधा म्हणजे आस्कंद. औषधात तिचं मूळ वापरतात. तिला कोरडी हवा मानवते. आपल्याकडचा पाऊस तिला जड जातो, म्हणून बाजारातला बराच माल मध्य प्रदेशातल्या नीमच, मंदसौरकडून येतो. तिचा उपयोग मुख्यतः ताण आणि झोपेसाठी. झोप सुधारली की डोकंही हलकं वाटतं.

ब्राह्मी ओलाव्यात वाढते. नीरब्राह्मीची पानं लहान आणि जाडसर, फुलं पांढरी किंवा फिकट जांभळी. गोल पानांची, कातरलेल्या कडांची मंडूकपर्णी वेगळी. पण तिलाही पुष्कळ जण ब्राह्मीच म्हणतात. म्हणून विकत घेताना नाव विचारा. स्मरणशक्तीवर जास्त अभ्यास झाला आहे तो नीरब्राह्मीचा. बऱ्याच अभ्यासांत ती १२ आठवडे दिली होती आणि फरक दिसला तोही थोडाच. पंधरा दिवसांत बुद्धी दुप्पट, असं कोणी सांगितलं तर डबी परत द्या.

थोडक्यात, ताणाने झोप उडाली असेल तर अश्वगंधा आणि विसरायला होत असेल तर ब्राह्मी, असा विचार करतात. पण दोन्ही औषधंच आहेत. गरोदरपणात अश्वगंधा घेऊ नका. थायरॉइड, साखर, रक्तदाब किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. क्वचित तिच्यामुळे यकृताला इजा होते. डोळे पिवळे दिसले तर लगेच बंद करून दवाखाना गाठा. ब्राह्मीने काहींना मळमळ, जुलाब होतात. अंगावर दूध पाजत असाल तर दोन्हींपैकी काहीच मनाने घेऊ नका.

डबीवर परवाना क्रमांक, तारीख आणि वनस्पतीचा कोणता भाग वापरला ते वाचा. अश्वगंधेची पानं वापरू नका, मूळच वापरा, असं आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये कंपन्यांना कळवलं आहे. गटातून विक्री करणाऱ्या बहिणींनी हे आधी बघावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. विसरणं, थकवा, चक्कर यामागे रक्त कमी असणं, थायरॉइड, बी-१२ची कमतरता किंवा अपुरी झोप असू शकते. पहाटे चारला उठून रात्री अकराला पाठ टेकणाऱ्या बाईचं डोकं कोणत्या मुळीने ताजं होणार? हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर आधी रक्त वाढवायला हवं. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, लोहाच्या गोळ्याही तिथे मोफत मिळतात. आशाताईंना विचारा.

या महिन्याच्या बैठकीत बचतीच्या वहीसोबत प्रत्येकीने आपल्या हिमोग्लोबिनचा आकडाही आणावा. डबीचं त्यानंतर ठरवू.